अकोळनेरचे दासगणू आणि आख्यानाची घडण

नगर-दौंड लोहमार्गावर, नगर शहरापासून जवळच अकोळनेर नावाचं गाव आहे. ६ जानेवारी १८६८ रोजी तिथे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे जन्मले. पुढे महाराष्ट्राने त्यांना दासगणू महाराज म्हणून ओळखलं. घरोघरी पारायणाला बसणारा ‘श्रीगजानन विजय’ हा ग्रंथ त्यांचा, आणि शिर्डीच्या धूपारतीत म्हटली जाणारी ‘शिर्डी माझे पंढरपूर’ ही आरतीही त्यांचीच. पण संतचरित्रकार, भक्त, कवी अशी त्यांची ओळख करून देताना एक गोष्ट बाजूला राहते. हा माणूस आयुष्यभर उभा राहून गात होता. त्यांनी जे लिहिलं त्यातलं पुष्कळसं पेटी-तबल्याच्या साथीने, चिपळ्या वाजवत, समोर बसलेल्या शे-दोनशे माणसांना दोन-अडीच तास बसवून ठेवण्यासाठी लिहिलेलं आहे. त्यामुळे त्यांचं आख्यान पुस्तकासारखं वाचून कळत नाही. ते कसं चालतं हे आधी पाहावं लागतं.

पोलिसातल्या नोकरीपासून सुरुवात करू. शालेय शिक्षण बेताचं, आणि तरुणपणी पोलीस शिपायाची नोकरी. त्या काळात दासगणू लावण्या रचत, तमाशाचा नाद होता, आणि शीघ्रकवित्व अंगात होतं. कान्हा भिल्ल नावाच्या दरोडेखोराच्या मागावर त्यांना पाठवलं गेलं, तेव्हा रामदासी वेष घेऊन देवळात मुक्काम टाकला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. वामनशास्त्री इस्लामपूरकर हे त्यांचे गुरू. साईभक्त नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिर्डीला गेले, साईबाबांनी नोकरी सोडायला सांगितलं, आणि बऱ्याच चालढकलीनंतर ती सुटली. पुढचं कार्यक्षेत्र नांदेडकडचं.

लावणीचा हा काळ चरित्रकार जरा घाईने उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. तमाशाच्या फडापुढे बसलेला माणूस कंटाळला तर उठून जातो, भीड ठेवत नाही. कुठे ठेका चढवायचा, कुठे एक ओळ पुन्हा घ्यायची, कुठे थांबायचं, हे शिक्षण देवळाच्या सभामंडपात मिळतं त्याहून कडक तिथे मिळतं. दासगणूंनी विषय बदलला, श्रोत्यांकडे पाहण्याची ती नजर त्यांच्यापाशी राहिलीच.

आता कीर्तन. आपल्याकडे मुख्यतः दोन पद्धती आहेत. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्यावर चिंतन होतं, मागे टाळकरी, विणेकरी आणि पखवाज असतो. नारदीय कीर्तनात कीर्तनकार जवळजवळ एकट्यानेच सगळं पेलतो. हातात चिपळ्या किंवा झांज, साथीला पेटी आणि तबला, एवढाच सरंजाम. दासगणू या दुसऱ्या पद्धतीचे.

नारदीय कीर्तनाचे भाग ठरलेले असतात. आधी नमन, मग पूर्वरंग, मध्ये नामाचा गजर, त्यानंतर उत्तररंग आणि शेवटी आरती. यातलं नमन लवकर आटोपतं. देवतेचं स्तवन होतं, पण त्या दहा मिनिटांत आणखी एक काम उरकलेलं असतं. कीर्तनकार आपला सूर लावून घेतो, तबलजी त्याचा वेग ओळखतो, आणि मागून येणारी माणसं जागा धरतात.

पूर्वरंगात एक मूळपद घेतात, बहुधा एखादा अभंग. त्याचं ध्रुपद गाऊन झालं की त्यातल्या सिद्धान्ताचं निरूपण सुरू होतं. इथे गाणं कमी आणि बोलणं जास्त. उपनिषद, गीता, ज्ञानेश्वरी यांचे आधार येतात, एखादा श्लोक येतो, मग दृष्टान्त. निरूपण तोललं जातं ते दृष्टान्तावर. दासगणूंच्याच आयुष्यातला एक प्रसंग ‘श्रीसाईसच्चरिता’त आहे, तो दृष्टान्ताचं काम फार नेमकं दाखवतो. ईशावास्य उपनिषदावर ओवीबद्ध टीका लिहायला ते बसले होते. त्यागाने भोग घ्यावा या वचनाचा उलगडा मनासारखा होईना. बाबांनी सांगितलं की पार्ल्याला साईभक्त काका दीक्षितांच्या घरची मोलकरीण शंका फेडील. तिथे मुक्कामाला गेल्यावर सकाळी एक लहान मुलगी भांडी घासताना आनंदाने गाताना ऐकू आली. अंगावर चिंध्या. दासगणूंनी शब्द टाकून तिला नवं वस्त्र मिळवून दिलं. दुसऱ्या दिवशी ते नेसून ती नाचली-बागडली. तिसऱ्या दिवशी ते घरी ठेवून पुन्हा जुनं फडकं नेसून आली, आणि आनंद मात्र कालच्याइतकाच. दासगणूंना हवा तो अर्थ मिळाला.

या गोष्टीत तीन दिवस आहेत. पहिल्या दिवशी अभाव, दुसऱ्या दिवशी लाभ, तिसऱ्या दिवशी लाभ बाजूला ठेवलेला. दोनच दिवस सांगितले तर ही दानधर्माची गोष्ट होते. तिसरा दिवस आला की ती उपनिषदाची होते. चांगला कीर्तनकार असा तिसरा दिवस शोधत असतो. श्रोत्याला वाटतं गोष्ट संपली, आणि तेवढ्यात ती आणखी एक पाऊल पुढे जाते.

पूर्वरंगात आणखी एक युक्ती असते, ती पहिल्यांदा कीर्तन ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मूळपदाचे सगळे चरण कीर्तनकार उलगडत नाही. शेवटचा, कवीच्या नाममुद्रेचा चरण तो राखून ठेवतो. सिद्धान्त मांडून झाला, शंका उभी राहिली, आणि आता ‘हे कुणाच्या आयुष्यात खरं ठरलं?’ असा प्रश्न टाकून तो थांबतो. मग नामाचा गजर सुरू होतो, टाळ्या पडतात, कुणीतरी पुढे येऊन कीर्तनकाराला बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं. हे मध्यंतर विश्रांतीचं आहेच, पण तबला आणि सूर एव्हाना वर चढलेले असतात, ते खाली येऊ द्यायचे नसतात. गजर त्यासाठी.

उत्तररंग म्हणजे आख्यान, आणि दासगणूंची खरी कमाई इथे आहे.

आख्यान म्हणजे एका भक्ताची, संताची किंवा पुराणपुरुषाची कथा. ती गद्य बोलण्यात आणि वेगवेगळ्या वृत्तांत, जातींत, चालींत मिळून सांगायची असते. आख्यान रचणाऱ्याला कुठला प्रसंग बोलायचा, कुठला गायचा आणि गायचा तो कोणत्या रचनेत, हे ठरवावं लागतं. सूर कीर्तनकार आपल्या गळ्याप्रमाणे लावेल, राग तो बदलेल, पण साकीच्या जागी दिंडी घातली तर प्रसंगच बदलतो. म्हणून मी दासगणूंना रचनाकार म्हणताना त्यात संगीतकारही धरतो.

साकी पाहा. एका ओळीत २८ मात्रा, १६ नंतर थांबा आणि मग १२. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. मोजता यावं म्हणून मीच एक ओळ जुळवतो: ‘गाव सोडुनी निघे शिपाई, हाती घेउन काठी’. ‘गाव सोडुनी’ आठ, ‘निघे शिपाई’ आठ, ‘हाती घेउन’ आठ आणि ‘काठी’ चार. आठ-आठच्या या पावलांवर तबल्याचा ठेका सहज बसतो. शेवटी चार मात्रांची जागा उरते, तिथे तबलजी छोटासा तुकडा टाकतो आणि कीर्तनकार श्वास घेतो. साकी चालते, थबकत नाही. कथेत माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला गेला, दिवस लोटले, निरोप आला, असं काही सांगायचं असेल तर साकी. तिच्यात रडायला जागा नाही.

आता दिंडी. तिच्या चरणात १९ मात्रा, ९ वर थांबा आणि पुढे १०. पुन्हा माझीच ओळ, नगर जिल्ह्यात कुणालाही समजेल अशी: ‘मोट चालेना, बैल दमुन गेले’. ‘मोट’ तीन, ‘चालेना’ सहा, झाल्या नऊ. ‘बैल’ तीन, ‘दमुन’ तीन, ‘गेले’ चार, झाल्या दहा. बोलताना आपण ‘दमून’ म्हणतो. तसं म्हटलं तर एक मात्रा वाढते आणि चाल लंगडते, म्हणून ‘मू’ ऱ्हस्व केला. जुन्या रचनांमध्ये अशी ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण पानोपानी दिसते आणि शुद्धलेखनवाल्यांना खटकते. ती कानासाठी केलेली असते.

नऊ ही विषम संख्या आहे, त्यामुळे दिंडीचा पहिला तुकडा समेवर येऊन स्वस्थ बसत नाही. ‘ना’ हे शेवटचं अक्षर लांबवून जागा भरावी लागते. त्या लांबवण्यातच हुंदका शिरतो. दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा एका मात्रेने मोठा आहे, म्हणजे सुस्कारा टाकल्यावर बोलणं जरा वाढावं तसं. करुण प्रसंगाला कीर्तनकार दिंडी का धरतात याचं उत्तर या हिशेबात सापडतं. रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंती आख्यानातली दिंडी मराठी माणसाच्या कानात शतकानुशतकं राहिली, तीही त्यामुळेच.

आर्येचं काम निराळं. तिच्या चार चरणांच्या मात्रा १२, १८, १२, १५ अशा असमान. मोरोपंतांनी जी भरमसाट वापरली तिच्यात शेवटचा चरणही १८ चा, तिला गीती म्हणतात. हिला ठेका लागत नाही. तबला थांबतो, कीर्तनकार मोकळ्या सुरात आर्या म्हणतो आणि एखादा तोलून-मापून बोललेला विचार श्रोत्यांपुढे ठेवतो. अर्ध्या तासाच्या वाजवण्यानंतर तबला एकदम गप्प झाला की सभामंडपात पेंगणाराही डोळे उघडतो.

कटाव याच्या अगदी उलट. अठराव्या शतकातल्या अमृतरायांनी तो गाजवला, त्यांचं द्रौपदीवस्त्रहरण प्रसिद्धच आहे. ओळीची लांबी ठरलेली नाही, छोट्या छोट्या तुकड्यांची माळ एका दमात म्हणत जायची, यमकांचा मारा करायचा, आणि श्वास संपत आल्यावर समेवर पडायचं. मिरवणूक, वादळ, लढाई, लग्नाची पंगत, जिथे एकाच वेळी पुष्कळ काही घडतं तिथे कटाव. अर्थ प्रत्येक शब्दाचा लागतोच असं नाही. लागायची गरजही नसते.

याशिवाय श्लोक, फटका, पोवाडा, लावणीच्या चालीची पदं, आणि नाटकातल्या पदांच्या चाली. छापील आख्यानांत पदावर ‘चाल’ म्हणून त्या काळातल्या एखाद्या लोकप्रिय पदाचं नाव दिलेलं असतं. यात एक मजेदार देवाणघेवाण आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा साकी, दिंडी, कटाव ही सगळी सामग्री कीर्तनातूनच उचलली होती. नाट्यसंगीत पुढे रागदारीकडे वळलं, त्याची पदं गावोगाव पोचली, आणि मग कीर्तनकारांनी त्या चाली परत आपल्या आख्यानात आणल्या. हिशेब फिटला म्हणायचा.

दासगणूंना ‘आधुनिक महिपती’ म्हणतात. महिपती अठराव्या शतकातले, तेही नगर जिल्ह्यातलेच, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. संतांच्या कथा ओवीत बांधून त्यांनी कीर्तनकारांसाठी कोठारच भरून ठेवलं. आणि ओवीचं माहेर विचाराल तर ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासेही इथलंच. दासगणूंनी ‘भक्तलीलामृत’, ‘संतकथामृत’ वगैरे ग्रंथ ओवीत लिहिले ते महिपतींच्या वळणावर. १९३९ मधला ‘गजानन विजय’ २१ अध्यायांचा, तोही ओवीत.

पण ग्रंथातली ओवी आणि कीर्तनातलं आख्यान ही दोन वेगळी कामं आहेत. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड असतो आणि मोकळा सुटतो. मात्रांचं बंधन नाही. त्यामुळे एकट्या माणसाला पोथी पुढे ठेवून तासन्‌तास वाचता येते, घसा दुखत नाही, वेग आपला आपण ठरवता येतो. सबंध ‘गजानन विजय’ एका दिवसात वाचून काढणारे लोक आहेत ते ओवीच्या या मोकळेपणामुळे. आख्यानात श्रोता समोर बसलेला असतो, त्याच्यासाठी दर चार-पाच मिनिटांनी काहीतरी बदलावं लागतं. एकाच माणसाने दोन्ही साधलं, हे मला त्यांच्या कवित्वापेक्षा मोठं वाटतं. खरं सांगायचं तर छापील पानावर दासगणूंच्या ओळी पुष्कळदा साध्या, कधी कधी सपाट वाटतात. कल्पनेची भरारी शोधणाऱ्याने मोरोपंतांकडे किंवा वामनपंडितांकडे जावं. इथे शब्द मुद्दाम हलके ठेवलेले आहेत, कारण वजन चालीने उचलायचं आहे. एकदाच ऐकून कळलं पाहिजे, मागे वळून ओळ पुन्हा वाचण्याची सोय श्रोत्याला नाही.

पोशाखाची गोष्ट इथे सांगायला हवी. नारदीय कीर्तनकार अंगरखा, उपरणं, पगडी किंवा फेटा अशा थाटात उभे राहतात. ‘साईसच्चरिता’त प्रसंग आहे की शिर्डीत कीर्तनाला निघालेल्या दासगणूंना तसं सजलेलं पाहून बाबांनी नवरदेवासारखे कुठे चाललात म्हणून विचारलं आणि ते सगळं उतरवायला लावलं. तेव्हापासून उघडं अंग, गळ्यात माळ, हातात चिपळ्या, हाच त्यांचा वेष झाला. भाविक याचा अर्थ नारदमुनींचं अनुकरण असा लावतात आणि तो बरोबरच आहे. पण कलेच्या बाजूने पाहिलं तर डोळ्यांना गुंतवणारं जे काही होतं ते गेलं आणि सगळी भिस्त गळ्यावर आणि रचनेवर आली. बिदागीची अपेक्षाही ते ठेवत नसत.

या कीर्तनाचा परिणाम काय होत असे, त्याचंही एक उदाहरण त्याच ग्रंथात आहे. ठाण्याच्या कौपीनेश्वर मंदिरात दासगणूंचं कीर्तन होतं. श्रोत्यांत चोळकर नावाचे न्यायालयातले एक गरीब उमेदवार होते. साईबाबांचं वर्णन ऐकून त्यांनी तिथेच नवस बोलला की खात्याची परीक्षा पास होऊन नोकरी कायम झाली तर शिर्डीला येऊन खडीसाखर वाटीन. आणि तोवर चहात साखर घेणार नाही. शिर्डी तेव्हा एक लहान खेडं होतं. मुंबई-ठाण्याकडच्या पुष्कळ लोकांनी त्या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते दासगणूंच्या कीर्तनात.

कीर्तनाचा हा सांगाडा किती मजबूत आहे याची साक्ष नगर शहरातच एका अनपेक्षित ठिकाणी मिळते. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून नगरला सुरू झालं. चर्चमध्ये परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतं म्हटली जात, आणि मराठी शब्दांची त्यात ओढाताण होई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कथा कीर्तनाच्या घाटात सांगू लागले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळकही नगरला आले आणि अभंगाच्या, भजनाच्या वळणाची गीतं त्यांनी चर्चला दिली. कथा पॅलेस्टाइनची, घाट इथला. पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी तिथेही चालली, कारण एक सिद्धान्त मांडून तो एका आयुष्यात पडताळून पाहण्याची गरज कुठल्याच धर्माला चुकलेली नाही.

आख्यान संपतं कसं? कथेतला संकटाचा प्रसंग सुटतो, भक्ताला देव भेटतो किंवा गर्विष्ठाचा गर्व उतरतो, आणि त्याच क्षणी कीर्तनकार पूर्वरंगात राखून ठेवलेला मूळपदाचा शेवटचा चरण उचलतो. तासाभरापूर्वी टांगून ठेवलेला प्रश्न आणि आत्ता संपलेली कथा एकमेकांना भिडतात. दासगणूंसारख्या रचनाकाराची परीक्षा या सांध्यावर होते. कथा कितीही रंगली आणि तो चरण नीट बसला नाही, तर श्रोता गोष्ट घेऊन घरी जातो आणि सिद्धान्त मंडपातच राहतो. त्यानंतर भैरवी आणि आरती, आणि आरतीचं तबक फिरतं.

दासगणू नोव्हेंबर १९६२ मध्ये पंढरपूरला निवर्तले. त्यांचे शिष्य अनंतराव आठवले, पुढे स्वामी वरदानंद भारती, यांनी कीर्तनाची आणि ग्रंथांची ती परंपरा पुढे चालवली. नांदेड जिल्ह्यातल्या गोरट्याच्या आश्रमाशी ती जोडलेली आहे. नारदीय कीर्तन शिकायचं असेल तर पुण्यात हरिकीर्तनोत्तेजक सभेचं नारद मंदिर आहे, दादरला अखिल भारतीय कीर्तन संस्था आहे, आणि दोन्हीकडे नोकरी सांभाळून शिकणारी माणसं येतात, बायकाही मोठ्या संख्येने.

आज कुणी दासगणूंचं आख्यान उभं करायला घेतलं तर पहिली अडचण ‘चाल’ या शीर्षकाखाली येते. ज्या पदाचं नाव दिलंय ते पद कुणाला आठवत नाही, कधी ते नाटकही विस्मरणात गेलेलं असतं. मग कीर्तनकार आपल्याला येणारी, तेवढ्याच मात्रांची दुसरी चाल शोधतो. कधी ती नाट्यपदाची असते, कधी भावगीताची, आणि एखादा धीट माणूस सिनेमाच्या गाण्याचीही घेतो. साकी-दिंडीला हा शोध लागत नाही. मात्रा मोजता आल्या की त्या ओळी गळ्यावर बसतात.